केमो-रेडिएशननंतर अन्ननलिकेचं ऑपरेशन: मधले आठवडे आणि पुढचे महिने

अन्ननलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन माणसाला बरं वाटायला लागल्यावर करतात, आणि मनाची तयारी सगळ्यात जड जाते ती यामुळेच. केमो-रेडिएशन संपून महिना उलटतो, पाण्याचा घोटही अडणाऱ्या ठिकाणाहून मऊ भात उतरायला लागतो, चेहऱ्यावर थोडा रंग येतो, आणि नेमक्या त्याच वेळी छाती, पोट आणि मान अशा तीन ठिकाणी करायच्या ऑपरेशनची तारीख मिळते. आई म्हणाली, "आता उतरतंय की सगळं. मग कापायचं कशाला?" घरात कुणाकडेच लगेच उत्तर नव्हतं. उत्तर आहे, आणि ते आधी कळलं तर पुढचे आठवडे पुष्कळ सोपे जातात. कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतून याच वाटेने जाणाऱ्या घरांसाठी आमच्या घरी काय काय झालं ते क्रमाने लिहिते आहे.

निदान डिसेंबर २०२४ मधलं. आधी भाकरी अडायची, मग चपाती, मग प्रत्येक घासावर पाण्याचा घोट घ्यावा लागायला लागला. पित्तावरच्या गोळ्या घेऊन फरक पडत नव्हता आणि वजन उतरत होतं. दुर्बिणीतून तपासणी झाली, तुकडा तपासायला गेला, रिपोर्ट आला स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे अन्ननलिकेच्या आतल्या अस्तरातून सुरू होणारा कॅन्सर. आपल्याकडे अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये हाच प्रकार जास्त दिसतो आणि तंबाखू, मिश्री, दारू यांचा त्याच्याशी संबंध आहे. दुर्बिणीच्या रिपोर्टमध्ये गाठ समोरच्या दातांपासून किती सेंटिमीटरवर सुरू होते आणि किती लांब आहे हे लिहिलेलं असतं. तो आकडा नीट वाचून ठेवा. आईचा होता २८ सेंटिमीटर, म्हणजे छातीच्या मधल्या भागात. रेडिएशन कुठे द्यायचं, ऑपरेशन कोणत्या प्रकारचं करायचं, हे बरंचसं या आकड्यावर ठरतं. गाठ श्वासनलिकेच्या जवळ असली तर श्वासनलिकेचीही दुर्बीण करतात, कारण गाठ तिथे घुसली असेल तर ऑपरेशनचा विचारच बदलतो.

मग छाती-पोटाचा सीटी आणि शरीरात कॅन्सर कुठे कुठे आहे ते दाखवणारा पेट स्कॅन. पेट स्कॅनला पंधरा हजारांच्या आसपास खर्च आला, तो खिशातून केला. बाकी बराच उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झाला. जुलै २०२४ पासून ही योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे, पांढरं रेशनकार्ड असलं तरी, आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेत असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल असतं, सुरुवात तिथून करायची. रेशनकार्ड आणि आधार यांवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. एका ठिकाणी सासरचं आणि दुसरीकडे माहेरचं आडनाव असेल तर ते पहिल्याच आठवड्यात दुरुस्त करायला टाका. बायोप्सीचा मूळ रिपोर्ट लागतोच. केमोची मंजुरी वेगळी, रेडिएशनची वेगळी, ऑपरेशनची वेगळी, म्हणून प्रत्येक कागदाच्या झेरॉक्स आणि मोबाइलवर फोटो, दोन्ही जवळ ठेवा. अडलंच तर योजनेचा फोन नंबर १५५३८८.

दुसरं मत घ्यायला परळच्या टाटा रुग्णालयात जायचं ठरलं. तिथे जाताना नुसती फाइल नेऊन भागत नाही. बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉक मूळ लॅबमधून मागून घ्यावे लागतात, कारण तिथले डॉक्टर ते स्वतः पुन्हा तपासतात. स्कॅनच्या नुसत्या फिल्म नकोत, सीडी हवी. रेल्वेची सवलत फार थोड्यांना माहीत असते: कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यात ७५ टक्के सूट. त्यासाठी रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासह लागतं. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची पडते. तिथल्या मताने आमचा उपचाराचा आराखडा बदलला नाही, पण मनातली शंका गेली, आणि रेडिएशन कोल्हापुरातच घ्यायचं हे निर्धास्तपणे ठरवता आलं. रोज सोमवार ते शुक्रवार जायचं असताना घराजवळ असण्याला फार किंमत आहे.

आराखडा होता तो जगभर वापरला जाणारा. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या 'क्रॉस' नावाच्या अभ्यासातून तो आला: आठवड्यातून एकदा पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन असे पाच आठवडे, आणि त्याच काळात रेडिएशनच्या २३ बैठका, एकूण ४१.४ ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचं माप). त्यानंतर ऑपरेशन. नुसतं ऑपरेशन केलेल्यांपेक्षा हे आधी घेतलेले रुग्ण बऱ्यापैकी जास्त जगले.

जानेवारीच्या मध्यावर सुरुवात झाली. रेडिएशनला आपल्याकडे बरेच जण 'शेक' किंवा 'लाइट' म्हणतात. आधी एक दिवस फक्त मापं घ्यायला बोलावतात, छातीवर खुणा करतात. त्या खुणा पुसल्या जाऊ नयेत, तिथे तेल, साबण, चंदन काही लावू नये. प्रत्येक केमोच्या आदल्या दिवशी रक्त तपासायचं. पेशी कमी असल्या तर डोस पुढे जातो, घाबरून जाऊ नका. पॅक्लिटॅक्सेलने कधी कधी ॲलर्जी येते, म्हणून त्याआधी स्टिरॉइड आणि ॲव्हिलसारखी इंजेक्शनं देतात. पहिली दहा-पंधरा मिनिटं रुग्णाजवळच थांबा. चेहरा लाल होणं, छाती भरून येणं, पाठ दुखणं, यातलं काहीही दिसलं की लगेच सिस्टरना हाक मारा.

पहिले दोन आठवडे बरे गेले. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अन्ननलिका आतून सोलवटते आणि थुंकी गिळतानाही आग होते. ही आग उपचार संपल्यावरही दोनेक आठवडे राहते. शेवटचा शेक झाला की दुसऱ्या दिवसापासून बरं वाटेल अशी घरच्यांची समजूत असते, तसं होत नाही. बधिर करणारं जेल जेवणाआधी दहा मिनिटं, वेदनाशामक औषध पातळ स्वरूपात, आणि खाणं कोमट. तिखट पूर्ण बंद. आईला नाकातून नळी घालावी लागली. नळीला घरची माणसं फार घाबरतात, पण वजन सांभाळायचं तर तीच आधार देते. दर दोन-अडीच तासांनी २०० मिलि, बसवून, आधी आणि नंतर ३० ते ५० मिलि पाण्याने नळी धुवायची, आणि नंतर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही.

आपल्याकडे अशा वेळी घराघरातून अळणी, म्हणजे बिनमसाल्याच्या मटणाचं पाणी, येतं. मायेने आलेलं असतं, चवही लागते, पण नुसत्या अळणी पाण्यात किंवा डाळीच्या वरच्या पाण्यात प्रोटीन फारच थोडं असतं. ते मटणात आणि डाळीतच राहतं. म्हणून शिजलेलं चिकन, मऊ डाळ, उकडलेलं अंडं हे सगळं मिक्सरला अगदी बारीक करून, फडक्यातून गाळून द्यायचं. ४५ किलोच्या माणसाला रोज साधारण ५५ ते ६५ ग्रॅम प्रोटीन हवं. एका अंड्यातून ६ ग्रॅम मिळतं, कपभर दुधातून ६-७. हिशेब वहीत लिहिला की कमतरता लगेच दिसते. आणि गंगावेशच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध केमो चालू असताना नको. पेशी उतरलेल्या असताना कच्च्या दुधातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. उकळूनच द्या.

फेब्रुवारीच्या शेवटी रेडिएशन संपलं आणि वाट बघण्याचे आठवडे सुरू झाले.

ऑपरेशन लगेच करत नाहीत. सहा ते आठ आठवडे थांबतात, काही वेळा बारापर्यंत. रेडिएशनचा परिणाम संपल्यानंतरही चालू असतो, गाठ आणखी आकसते, सुजलेले भाग शांत होतात, शरीर सावरतं. पेट स्कॅन लवकर केला तर रेडिएशनची सूजच उजळून दिसते आणि उगाच धसका बसतो. उलट फार लांबवलं तर छातीतल्या ऊतींमध्ये घट्ट चट्टे तयार होतात, अन्ननलिका सोडवणं सर्जनला अवघड जातं, आणि उरलेल्या पेशींना वाढायला वेळ मिळतो. म्हणून ही तारीख आपल्या सोयीने, लग्नकार्य किंवा जत्रा बघून, पुढे-मागे करू नये.

आता आईचा प्रश्न. एप्रिलमधला पेट स्कॅन जवळजवळ स्वच्छ होता. दुर्बिणीत फक्त पांढरट व्रण दिसला, तुकड्यात कॅन्सर नव्हता. मग कापायचं कशाला? दुर्बिणीतून घेतलेला तुकडा वरच्या थराचा असतो. उरलेल्या पेशी बऱ्याचदा खालच्या स्नायूच्या थरात किंवा शेजारच्या लसीका गाठींमध्ये (लिंफ नोडमध्ये) असतात, आणि इतक्या थोड्या पेशी स्कॅनला दिसत नाहीत. क्रॉस अभ्यासात स्क्वॅमस प्रकारच्या रुग्णांपैकी ४९ टक्क्यांच्या काढलेल्या अन्ननलिकेत कॅन्सर अजिबात सापडला नव्हता. म्हणजे निम्म्यांच्या बाबतीत रेडिएशननेच काम झालं होतं, पण उरलेल्या निम्म्यांमध्ये काही ना काही शिल्लक होतं, आणि कोण कुठल्या निम्म्यात हे बाहेरून खात्रीने सांगता येत नाही. नेदरलँड्समध्येच पुढे 'सॅनो' नावाचा अभ्यास झाला. उपचारानंतर सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात काटेकोर तपासण्या करून ज्यांच्यात काहीच सापडलं नाही, त्यांच्यावर ऑपरेशनऐवजी बारीक लक्ष ठेवलं, आणि दोन वर्षांपर्यंत त्यांचं जगणं ऑपरेशनवाल्यांपेक्षा कमी पडलं नाही. हा पर्याय खरा आहे आणि डॉक्टरांना जरूर विचारा. पण त्यात ठरलेल्या वेळी एकाच जागेचे खोल तुकडे, दुर्बिणीतून सोनोग्राफी, पेट स्कॅन हे पुन्हा पुन्हा करावं लागतं, आणि काही सापडलं तर ऑपरेशन लगेच करायची तयारी लागते. 'बरं वाटतंय तर बघू नंतर' म्हणून दवाखान्यात जाणंच सोडणं म्हणजे तो पर्याय नव्हे. हे सगळं सर्जननी कागदावर चित्र काढून समजावलं तेव्हा आई स्वतःहून म्हणाली, "मग होऊनच जाऊ दे."

निर्णय झाला की मधले आठवडे रिकामे राहत नाहीत. आमच्या मते ऑपरेशनचा अर्धा निकाल इथेच लागतो, कारण या ऑपरेशननंतर सगळ्यात जास्त त्रास फुप्फुसांचा होतो. तीन गोळ्यांचं श्वासाचं यंत्र मेडिकलमध्ये काही शे रुपयांना मिळतं. त्यात फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. ओठ नळीभोवती घट्ट, सावकाश श्वास आत, गोळ्या वर गेल्या की तीन ते पाच सेकंद धरून ठेवायच्या, मग सोडायचं. जागेपणी दर तासाला दहा वेळा. उशी पोटाशी धरून खोकण्याचा सराव आत्ताच करायचा, टाके पडल्यावर तो शिकवणं कठीण. चालणं रोज. आम्ही रंकाळ्यावर सकाळी जायचो, सुरुवातीला एका बाकापासून पुढच्या बाकापर्यंत, मग वाढवत. भूलतज्ज्ञांनी पुढे हेच विचारलं: दोन जिने न थांबता चढता येतात का? फुप्फुसाची फुंकर-चाचणी आणि हृदयाची टूडी इको होतेच, पण जिना सगळं सांगून जातो.

मिश्री, तंबाखू, विडी कमीत कमी चार आठवडे आधी पूर्ण बंद हवी. दातांची तपासणी करून किडके दात बघून घ्यायचे, कारण तोंडातले जंतू ऑपरेशननंतर फुप्फुसात उतरतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या ते लिहून घ्या. साखर असेल तर ती आटोक्यात आणायला हाच वेळ. रक्तपेढीत बदली रक्तदाते मागतात. गल्लीतल्या तालमीच्या पोरांनी ते एका फोनवर केलं, पण दात्यांची नावं आठवडाभर आधी पक्की करून ठेवा.

सर्जनना विचारायचे प्रश्न वहीत लिहून न्या. यातला पहिला विचारायला संकोच वाटतो, पण तोच विचाराच: अशी ऑपरेशनं इथे वर्षाला किती होतात? हे ऑपरेशन जिथे नियमित होतं तिथले निकाल चांगले असतात, ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसलेली आहे. नेदरलँड्समध्ये तर वर्षाला किमान २० ऑपरेशनं होत नसतील तर त्या दवाखान्याला ती करू देत नाहीत. चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही. पुढचे प्रश्न: जोड, म्हणजे वर ओढलेलं जठर आणि उरलेली अन्ननलिका यांचा सांधा, मानेत करणार की छातीत? दुर्बिणीतून की छाती उघडून? आतड्यात खाण्याची नळी बसवणार का? जोड गळला तर रात्री-बेरात्री इथे काय सोय आहे, आयसीयू, सीटी, दुर्बीण? योजनेच्या मंजुरीत काय बसतं आणि बाहेरून काय आणावं लागेल? योजनेशिवाय खासगीत या ऑपरेशनचा आम्हाला सांगितलेला अंदाज चार-पाच लाखांच्या घरात होता, आयसीयू लांबलं तर जास्त. ज्यांचं वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत आहे त्यांना मुख्यमंत्री सहाय्यता निधीसाठीही अर्ज करता येतो. त्याला तहसीलदारांचा दाखला आणि दवाखान्याचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं, म्हणून तो दाखला आधीच काढून ठेवलेला बरा.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. सकाळी आठला आत, संध्याकाळ होईपर्यंत बाहेर बसणं. सहा ते आठ तास लागतात, तेव्हा दुपारी निरोप आला नाही म्हणून काळजीत पडू नका. तीन टप्प्यांचं ऑपरेशन होतं, त्याला मॅकेऑन म्हणतात. आधी उजव्या बाजूने छातीत दुर्बिणीतून जाऊन अन्ननलिका आणि भोवतालच्या लसीका गाठी सोडवतात. मग पोटात जाऊन जठराला कापून-शिवून चार-पाच सेंटिमीटर रुंदीची लांब नळी बनवतात. ती छातीतून वर ओढतात आणि डाव्या बाजूला मानेत उरलेल्या अन्ननलिकेला जोडतात. म्हणजे पुढे पोट पोटात राहत नाही, छातीत उभं असतं. हे एकदा डोळ्यांसमोर आलं की नंतरच्या सगळ्या पथ्याचं कारण आपोआप कळतं. गाठ खाली, जठराजवळ असेल तर जोड छातीतच करतात, त्याला आयव्हर लुईस म्हणतात.

काढलेला भाग नातेवाइकांना दाखवतात. ज्याला बघवत नाही त्याने जाऊ नये, घरातला एक जण पुरे.

आयसीयूत पहिल्यांदा बघताना नळ्यांचं जाळंच दिसतं. नाकातली नळी, छातीतली नळी आणि तिची बाटली, मानेतली छोटी नळी, पोटावरून आतड्यात जाणारी खाण्याची नळी, लघवीची, पाठीत वेदनाशामकाची, मानेत किंवा खांद्याजवळ सलाईनची. नाकातल्या नळीबद्दल फार सावध राहा. ती जोडावरून खाली गेलेली असते. रुग्ण झोपेत ओढू नये म्हणून हातावर लक्ष ठेवा, आणि सरकली तर कुणीही ती परत आत ढकलू नये, सर्जनलाच कळवायचं. छातीच्या बाटलीतलं पाणी आधी लाल, मग गुलाबी, मग पिवळसर होत जातं. ते दुधासारखं पांढरं झालं तर लसीकावाहिनीला इजा असू शकते, गढूळ किंवा हिरवट झालं तर गळतीची शंका. बाटलीतलं प्रमाण आणि रंग सिस्टर लिहितातच, पण भेटायच्या वेळेत आपणही बघून विचारत राहावं.

दुसऱ्याच दिवशी आईला खुर्चीत बसवलं, त्यानंतर आधाराने चालवलं. बघणाऱ्याला क्रूर वाटतं. पण पडून राहिलं की कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. तेच तीन गोळ्यांचं यंत्र आता परत हातात, आणि पोटाशी उशी. पोटावरच्या नळीतून पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून अगदी थेंबाथेंबाने आहार सुरू होतो. तोंडाने मात्र काहीही नाही, पाण्याचा थेंबही नाही, थुंकीसुद्धा बाहेर टाकायची. ओठ कोरडे पडतात तेव्हा ओला कापसाचा बोळा फिरवावा. भेटायला आलेल्या कुणीतरी "घोटभर पाणी द्या की" म्हणतंच. अशा वेळी ठाम राहणारं एक माणूस खाटेशी हवं.

आवाज बसला होता. स्वरयंत्राची नस अगदी त्याच वाटेवर असल्याने ती दुखावते, बहुतेक वेळा काही आठवड्यांत-महिन्यांत सुधारते. पण नस दुखावलेली असताना गिळलेलं श्वासनलिकेत जायची भीती असते, म्हणून पहिले घोट हनुवटी छातीकडे झुकवून घ्यायला शिकवतात.

चौथ्या ते दहाव्या दिवसाचा काळ जोडाचा. ताप, नाडी वेगाने चालणं, मानेची जखम लाल होणं, दम लागणं या खुणा. आईची मानेची जखम आठवड्याच्या सुमारास लाल झाली आणि ओली व्हायला लागली. सर्जननी खाटेवरच दोन टाके सोडून जखम उघडी केली, त्यातून लाळ यायला लागली. बघायला भयंकर, पण मानेतल्या जोडाचा हाच फायदा: गळलं तर बाहेर येतं. छातीत गळलं तर ते जास्त धोक्याचं. रोज दोनदा ड्रेसिंग, तोंडाने काही नाही, सगळा आहार पोटाच्या नळीतून. असं भरून यायला काही आठवडे लागतात आणि बहुतेक वेळा दुसरं ऑपरेशन लागत नाही. सगळं सुरळीत झालं तर दहा ते चौदा दिवसांत घरी सोडतात. आमचं त्याहून लांबलं.

मेच्या शेवटी पोटाची नळी घेऊनच घरी आलो. तिची निगा: आहाराआधी आणि नंतर २०-३० मिलि कोमट पाणी सिरिंजने सोडायचं, चोवीस तासांत एकदाही विसरायचं नाही. गोळ्या कुटून घालायच्या नाहीत, डॉक्टरांकडून पातळ औषध लिहून घ्यायचं. नाचणीचं सत्त्व दाट झालं की नळी हमखास तुंबते. आहार सलाईनसारख्या पिशवीतून सावकाश, भराभर ढकलला तर पोटात कळ आणि जुलाब. नळीला धरणारा टाका सुटला तर चिकटपट्टी लावून त्याच दिवशी दवाखान्यात जा. नळी बाहेर आली तर तासाभरातच निघा, ती वाट लवकर मिटते. घरी परत घालायचा प्रयत्न करू नका.

जखम भरल्यावर तोंडाने सुरू झालं: पाणी, मग ताक, पेज, मग मऊ भात, कुस्करलेलं अंडं. दिवसातून सहा ते आठ वेळा, वाटीभर. जेवताना पाणी नाही, अर्धा तास आधी किंवा नंतर. चपाती आणि पाव चिकट गोळा होऊन अडकतात, त्यापेक्षा आमटीत भिजवून मऊ केलेली भाकरी बरी. काकवी, उसाचा रस, गूळ-साखरेचं दूध यांवर आपला जीव, पण गोड एकदम आतड्यात उतरलं की पंधरा-वीस मिनिटांत छाती धडधडते, घाम सुटतो, गळून जायला होतं. दोन-तीन तासांनी साखर उतरल्यानेही तसंच होतं. गोड थोडं आणि जेवणाबरोबर, एकटं नको. जठराचं तोंड बंद ठेवणारी झडप आता नाही, म्हणून सपाट झोपायचं कायमचं बंद. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावून ती उंच केली, नुसत्या उशा रात्री घसरतात. रात्रीचं जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास.

जूनमध्ये घास पुन्हा मानेत अडायला लागला आणि सगळ्यांच्या पोटात गोळा आला. तो कॅन्सर नव्हता. जोड गळून भरला की तिथे अरुंद होतो, हे बऱ्याच जणांना होतं. दुर्बिणीतून ताणून रुंद करतात, त्याच दिवशी घरी सोडतात, आणि ते काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा करावं लागू शकतं. अडतंय असं वाटलं की पातळ खाऊन ढकलत बसू नका, लवकर ताणलं तर कमी वेळा लागतं. तोंडाने पुरेसं खाऊन वजन टिकतंय याची खात्री झाल्यावर जुलैत पोटाची नळी काढली.

काढलेल्या भागाचा रिपोर्ट यायला दोनेक आठवडे लागले. त्यात चार गोष्टी शोधा: किती लसीका गाठी तपासल्या (किमान पंधरा तरी असाव्यात असं धरतात) आणि त्यांतल्या किती बाधित, कापलेल्या कडा स्वच्छ आहेत का, उरलेला कॅन्सर कोणत्या थरापर्यंत, आणि उपचाराला मिळालेल्या प्रतिसादाची १ ते ५ पैकी कोणती श्रेणी, १ म्हणजे काहीच उरलं नाही. आईच्या कडा स्वच्छ, गाठी स्वच्छ, पण स्नायूच्या थरात थोड्या जिवंत पेशी होत्या. स्कॅनमध्ये नाही, दुर्बिणीच्या तुकड्यात नाही, आणि तिथे होत्या.

असं काही उरलेलं असेल तर निवोलुमॅब या इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध जागी करणाऱ्या औषधाचा, विषय निघतो. 'चेकमेट ५७७' या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा रुग्णांना वर्षभर हे औषध दिल्यावर निम्म्या रुग्णांमध्ये तरी आजार न परतता गेलेला काळ ११ महिन्यांवरून २२ महिन्यांवर गेला. औषध महाग आहे. आधी पूर्ण वर्षाचा खर्च लेखी मागा, कंपनीची रुग्ण-सहाय्य योजना आहे का ते दवाखान्यातल्या समाजसेवा विभागात विचारा, मगच सुरू करा. पैसे संपले म्हणून मध्येच थांबवण्यापेक्षा आधी हिशेब झालेला बरा. आईचं वजन आणि जोडाचे त्रास बघून डॉक्टरांनी ते लगेच सुरू करायचं नाही असं ठरवलं, आणि आम्हाला ते पटलं.

आता दर तीन महिन्यांनी तपासणी असते. त्यात वजन, रक्त, लोह आणि बी-१२ बघतात, कारण जठर बदलल्यावर बी-१२ कमी होत जातं आणि त्याची इंजेक्शनं घ्यावी लागतात. तांबड्या रश्श्याची चव आईने दिवाळीत घेतली, वरचा कट काढून, भातावर दोन चमचे. डॉक्टरांची त्याला हरकत नव्हती, फक्त त्यातलं मटण बारीक चिरून आणि सावकाश चावून खायला सांगितलं.